तांब्याच्या पाण्याने यकृतातलं कोलेस्टेरॉल खरंच कमी होतं का?

मृण्मयी_सांगली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझे बाबा ६७ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी स्टेंट घातला, तेव्हापासून रोज रात्री ॲटोर्वास्टॅटिन २० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी चालू होती. दिवाळीला घरी गेले तर ओट्यावर नवं कोरं तांब्याचं पिंप, आणि औषधांच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या न फोडलेल्या. दोन महिने गोळी बंद! कारण विचारलं तर त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेला निरोप दाखवला : "तांब्याचे आयन यकृतात जाऊन कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम बंद करतात. परदेशात उंदरांवर सिद्ध झालं आहे." मी हट्टाने रक्त तपासून घेतलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पूर्वी ८४ होतं, आता १५१.

बाबा गणिताचे शिक्षक होते. "एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नकोस, त्या निरोपात चूक काय ते सिद्ध करून दाखव," म्हणतात. मी वाणिज्य शाखेची, मला यातलं काही कळत नाही. यकृतात तांबं नेमकं करतं काय? कोणी मला समजेल आणि बाबांना पटेल असं सांगेल का?

गोट्याकाका
आधी गोळी सुरू करायला लावा. सिद्धता मागाहून. स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने स्टॅटिन थांबवायची नसते.

मृण्मयी_सांगली
काका, कालच त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. तेही हेच म्हणाले आणि बाबांना भेटायला बोलावलंय. पण बाबा मनातून पटल्याशिवाय जाणार नाहीत.

रेणुका_जैवरसायन
मृण्मयी, तुझ्या बाबांचा प्रश्न चांगला आहे. प्रयत्न करते.

आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, शरीर ते स्वतः बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ॲसिटेटच्या दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून सुरुवात होते आणि तीसेक पायऱ्यांनंतर सत्तावीस कार्बनचा कोलेस्टेरॉलचा रेणू तयार होतो. या साखळीत सुरुवातीलाच एक नाका आहे, एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम. पुढे किती माल जायचा ते तिथे ठरतं. स्टॅटिन नेमकी याच नाक्यावर बसते. यकृतात माल कमी पडला की यकृताच्या पेशी बाहेर एलडीएल पकडणारे जास्तीचे हात काढतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतात. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो मुख्यतः या ओढण्याने.

आता तांबं. उंदरांना तांबं फार कमी दिलं तर त्यांचं कोलेस्टेरॉल वाढतं, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. लेस्ली क्लेवे यांनी १९७३ साली दाखवलं की खाण्यात तांब्याच्या मानाने जस्त वाढवलं तरी तेच होतं. त्यामागचं एक कारण पुढे अमेरिकेत कोलोरॅडोतल्या संशोधकांना सापडलं. तांबं कमी पडलं की उंदराच्या यकृतात ग्लुटाथायोन नावाचं पेशीतलं एक रसायन वाढतं, आणि त्यामुळे नाक्यावरचं ते रिडक्टेज जास्त जोमाने काम करतं. १९९२ साली त्यांनी औषध देऊन ग्लुटाथायोन वाढूच दिलं नाही, तर कोलेस्टेरॉलही वाढलं नाही.

म्हणजे सिद्ध झालंय ते असं : तांब्याची कमतरता असली तर कोलेस्टेरॉल वाढू शकतं. यावरून "तांबं जास्त घेतलं तर कोलेस्टेरॉल उतरेल" असं निघत नाही. बाबांना सांग, विधान खरं असलं म्हणून व्यत्यास खरा ठरत नाही. गणिताच्या मास्तरांना हे एवढं पुरेल.

गोट्याकाका
व्यत्यास! नववीच्या भूमितीनंतर आज भेटला. बरं वाटलं.

ताम्रपट
मी नाशिकचा. पाच पिढ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धंदा. आजोबा ९१ व्या वर्षी गेले, आयुष्यभर तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायले, एक गोळी माहीत नव्हती. आयुर्वेदात ताम्रजल सांगितलं आहे ते उगाच नाही. प्रत्येक गोष्ट उंदरावर सिद्ध झाली तरच खरी, हा आग्रह मला मान्य नाही. रासायनिक गोळ्या आयुष्यभर पोटात घालायच्या आणि पाण्याला नावं ठेवायची!

रेणुका_जैवरसायन
ताम्रपटदादा, पाण्याला कोणीच नावं ठेवलेली नाहीत. आजोबांना दीर्घायुष्य लाभलं याचा आनंदच आहे. पण त्यांना स्टेंट नव्हता, आणि हंड्याशिवाय त्यांच्या आयुष्यात चालणं होतं, कष्ट होते, घरचं साधं जेवण होतं. त्यातलं एकच भांडं उचलून त्याला सगळं श्रेय देता येत नाही.

निशिगंध
क्लेवे यांचं नाव वाचून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं फार्गोला राहते, नॉर्थ डकोटात. त्यांची प्रयोगशाळा इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, ग्रँड फोर्क्सला. अमेरिकेच्या शेती खात्याचं पोषण संशोधन केंद्र आहे तिथे. या केंद्रात माणसांनाही कमी तांब्याचं मोजलेलं जेवण देऊन बघितलं गेलं. १९८४ साली क्लेवे आणि सहकाऱ्यांनी एका तरुणाविषयी लिहिलं : तांबं कमी केल्यावर त्याचं कोलेस्टेरॉल चढलं आणि परत दिल्यावर उतरलं. पण नंतरच्या माणसांवरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही, काहींत काहीच फरक पडला नाही. उंदराइतकं माणसाचं चित्र स्वच्छ नाही.

अवांतर : इथे उणे तीस तापमानात तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यायला धैर्य लागतं.

डॉक्टर_आजोबा
मी निवृत्त बालरोगतज्ज्ञ. एरवी इथे फक्त कवितांचे धागे वाचतो, पण तांबं आणि यकृत हे दोन शब्द एकत्र दिसले की मला झोप येत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी मुलांच्या वॉर्डात काम केलं त्यांना तो आजार विसरता येणार नाही. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल. चिडचिडं, पोट पुढे आलेलं, यकृत बोटांना दगडासारखं लागायचं आणि त्याची कड धारदार. पुढे कावीळ, जलोदर, आणि काही महिन्यांत मूल जायचं. पुष्कळदा त्याच घरातलं आधीचं भावंडंही तसंच गेलेलं असायचं. आया विचारायच्या, आमच्याच घरात का? आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात नाव होतं, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. नावापलीकडे फार काही नव्हतं.

उत्तराचा मोठा भाग पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयाचे आनंद पंडित आणि शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतातलं तांबं मोजलं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांच्यात ८०० च्या वर! १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलं की या बाळांना फार लवकर वरचं दूध सुरू झालं होतं, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेलं, साठवलेलं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांबं धरून ठेवतं, त्यामुळे त्याच भांड्यात पाण्यापेक्षा दुधात तांबं कितीतरी जास्त उतरतं. यकृत जादा तांबं पित्तातून बाहेर टाकतं, पण तान्ह्या बाळाची ती व्यवस्था अजून पक्की झालेली नसते. तांबं साठत जातं.

त्याच भांड्यातलं दूध प्यायलेल्या सगळ्याच मुलांना आजार झाला नाही, त्यामुळे काही आनुवंशिक कमकुवतपणाही असावा असं पुष्कळांचं मत होतं, माझंही आहे. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात असाच आजार होता. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं दगावल्याची नोंद आहे. तिथेही दूध आणि तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी.

पेनिसिलामाइन देऊन लवकर तांबं उतरवलं तर मुलं वाचायची. पण खरा आजार हटला तो आयांना सांगितल्यामुळे : बाळाला अंगावर पाजा, आणि वरचं दूध द्यायचं झालं तर स्टीलच्या पातेल्यात. माझ्या निवृत्तीपर्यंत वॉर्डात असं मूल दिसेनासं झालं होतं.

पाणी प्यायला माझी हरकत नाही. पण "यकृतात तांबं पाठवू" असं कोणी उत्साहाने म्हटलं की मला ती पोटं आठवतात.

शेवंती
आजोबा, अंगावर काटा आला. माझ्या आईचा एक भाऊ दीड वर्षाचा असताना "लिव्हर वाढून" गेला, एवढंच घरात बोलतात. साल १९६१, गाव बारामतीजवळचं. आज पहिल्यांदा वाटतंय की कदाचित हेच असेल.

डॉक्टर_आजोबा
शेवंतीताई, इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही. पण तुमच्या आजीने हौसेने लखलखीत घासलेल्या भांड्यात मायेनेच दूध तापवलं असणार. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिच्याकडे दोष नको.

ताम्रपट
आजोबा, तुमचा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कल्हईशिवाय पितळेत दूध? आमच्याकडे गिऱ्हाइकाला सांगूनच भांडं द्यायचो." पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई हवीच. ताक, चिंच, लिंबू, कोकम यांतलं काही उघड्या तांब्या-पितळेत ठेवायचं नाही, हे आमच्या धंद्यात पोरालाही माहीत असतं. आंबटाने भांडं "कळकतं". हिरवट होतं, चव बिघडते, उलटी होते. कल्हईवाले कमी झाले आणि लोकांनी भांडी तशीच वापरली, हे मी स्वतः पाहिलंय.

कोकणकडा
कल्हईवाला! शाळेतून येताना तो वडाखाली भाता लावून बसलेला दिसला की दप्तरासकट बसकण मारायची. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, भस्सकन धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की आत चांदणं. नवसागराचा तो वास अजून नाकात आहे.

शेवंती
आणि पाण्यात भांडं बुडवल्यावरचा तो चर्रर्र आवाज! आमच्याकडे आजी मोजून भांडी द्यायची आणि मोजून घ्यायची.

पोलादवाला
धागा कल्हईवर गेलाय तोवर एक धातू माझ्याकडून. मी धातुशास्त्राचा, व्हॅनेडियम आम्ही पोलादात घालतो. हाच व्हॅनेडियम एकेकाळी कोलेस्टेरॉलवर औषध होईल अशी आशा होती! १९५४ साली करन नावाच्या संशोधकाने उंदराच्या यकृतावर वेगवेगळे धातू लावून पाहिले. व्हॅनेडियमने कोलेस्टेरॉलची निर्मिती घटली, क्रोमियम आणि मँगेनीजने वाढली. पुढे कळलं की व्हॅनेडियम साखळीत स्क्वालीन तयार होण्याच्या पायरीवर अडथळा आणतो. तरुण निरोगी माणसांत आकडा थोडा उतरला. पण ज्यांना खरी गरज होती त्या रुग्णांत उतरला नाही, वर पोटात कळा यायच्या. ती वाट तिथेच संपली.

ताम्रपट, "रासायनिक गोळ्या" म्हणालात म्हणून सांगतो. पहिली स्टॅटिन बुरशीतून आली. अकिरा एंडो नावाच्या जपानी माणसाने सहा हजारांवर बुरशी तपासल्या, आणि हवी ती सापडली तांदळावरच्या निळसर बुरशीत. मृण्मयीच्या बाबांची गोळी कारखान्यात जुळवलेली आहे, पण नाक्यावर बसायची युक्ती त्या बुरशीचीच.

चाफा_७७
मला झिंकबद्दल, म्हणजे जस्ताबद्दल विचारायचंय. कोविडनंतर मी जवळजवळ वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम झिंक घेत होतो, प्रतिकारशक्तीसाठी. कोणी थांबवायला सांगितलं नाही म्हणून चालूच. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४४ वरून ३३ वर आलं. वर क्लेवे यांचं तांबं-जस्त वाचून दचकलो. संबंध असेल?

रेणुका_जैवरसायन
असू शकेल, आणि हे डॉक्टरांना जरूर सांगा. जस्त जास्त गेलं की आतड्याच्या पेशींमध्ये मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन वाढतं. ते तांब्याला घट्ट धरून ठेवतं, आणि त्या पेशी झडल्या की तांबंही त्यांच्याबरोबर बाहेर जातं. १९८० साली बारा निरोगी पुरुषांना पाच आठवडे भरपूर झिंक सल्फेट दिलं, तेव्हा त्यांचं एचडीएल सुमारे पाव हिश्श्याने घटलं होतं. वर्षभर ५० हा मोठा डोस आहे. रक्तातलं तांबं आणि हिमोग्लोबिन दोन्ही तपासून घ्या.

चाफा_७७
आजच बंद केलं, आणि उद्या डॉक्टरांकडे जातोय. धन्यवाद ताई.

रेणुका_जैवरसायन
मृण्मयी, मूळ प्रश्नाकडे येते. दोन दिवस मी शोधत होते की तो निरोप आला कुठून, कारण "उंदरांवर सिद्ध झालंय" हे कोणीतरी काहीतरी वाचूनच लिहिलं असणार. आणि मला वाटतं मूळ सापडलं.

विल्सन आजारात एटीपी७बी नावाच्या जनुकात दोष असतो. यकृत तांबं पित्तात टाकू शकत नाही, ते साठतं. हाच दोष असलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले आहेत. २००७ साली त्यांच्या यकृताचा अभ्यास झाला, तेव्हा कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतली जनुकं मंदावलेली आढळली, रिडक्टेजसकट. म्हणजे यकृतात तांबं साठलं की कोलेस्टेरॉलची निर्मिती घटते, हे त्या उंदरांत खरंच दिसलं आहे. निरोप पूर्ण खोटा नाही.

पण ते यकृत आजारी यकृत आहे! त्याच उंदरांचं यकृत पुढे सुजतं, खराब होतं. माणसात विल्सन आजाराने सिऱ्होसिस होतो, मेंदूवरही परिणाम होतो. निरोप लिहिणाऱ्याने अर्धं वाक्य उचललं आणि आजाराला औषध करून टाकलं.

म्हणून माझं वरचं "व्यत्यास खरा नाही" हेही मी थोडं दुरुस्त करते. तांबं फार कमी झालं तर कोलेस्टेरॉल वाढू शकतं, यकृतात फार जास्त साठलं तर निर्मिती घटू शकते, आणि ही दोन्ही टोकं म्हणजे बिघाड आहे. मधल्या मोठ्या पट्ट्यात निरोगी माणसाचं यकृत तांबं स्वतः सांभाळतं. जास्त झालेलं पित्तातून टाकून देतं. तिथे थोडं तांबं वाढवल्याने रिडक्टेजला काही सांगावा जात नाही. बाबांना म्हणावं, आलेख सरळ रेषेचा नाही. दोन टोकांचे बिंदू जोडून मधलं काढू नका.

ताम्रपट
मग पिंपातून जातं तरी किती तांबं? कोणी मोजलंय का?

पोलादवाला
मोजलंय. बंगळुरूच्या संशोधकांचा २०१२ चा अभ्यास आहे. जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, जंतू मेले. पाण्यात तांबं उतरलं लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे खूपच खाली. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर साधारण ०.३५. मूठभर काजूत यापेक्षा जास्त तांबं असतं, तिळातही भरपूर.

म्हणजे तुमचं भांडं जंतूंसाठी चांगलं काम करतं, ताम्रपट, आणि साधं पाणी ठेवलंत तर यकृताला त्रासही देत नाही. पण एवढ्या तांब्याने एलडीएल हलणार नाही.

ताम्रपट
हे मला मान्य. जंतूंचं आजोबाही सांगायचे, "रात्रभर ठेवलेलं पाणी बाधत नाही." कोलेस्टेरॉलचं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, ते आताचं आहे. आयुर्वेदावरचा माझा विश्वास तसाच आहे, पण दुकानात लावलेली "हृदयरोगावर गुणकारी" ही पाटी उद्या काढतो. वडिलांनीच सांगितलं काढ म्हणून.

डॉक्टर_आजोबा
ताम्रपट, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मृण्मयी_सांगली
नऊ दिवसांनी लिहितेय, उशीर झाला.

सगळा धागा मोठ्या अक्षरात छापून बाबांना दिला. त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या. (डॉक्टर आजोबा, तुमचा प्रतिसाद वाचून ते बराच वेळ गप्प बसले. आमच्याकडे त्यांची एक बहीण लहानपणी गेली होती, ते मला माहीतच नव्हतं.) रेणुकाताईंच्या "दोन टोकांचे बिंदू" या ओळीखाली दोनदा रेघ मारलीय आणि समासात लिहिलंय, "बरोबर. मी हे मुलांना शिकवत होतो."

परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी त्याच रात्री सुरू झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे. पिंप ओट्यावरच आहे, त्यात फक्त साधं पाणी. आईला मात्र एक गोष्ट कळली आणि ती हादरली : बाबा सकाळी त्याच पिंपातलं पाणी तांब्याच्या लोट्यात घेऊन त्यात लिंबू पिळून ठेवायचे आणि तासाभराने प्यायचे. रोज सकाळची त्यांची मळमळ आम्ही पित्तावर ढकलत होतो. लिंबू काचेच्या पेल्यात गेलं, तेव्हापासून मळमळ झालेली नाही.

माळ्यावर आजीची तीन पितळी पातेली सापडली, आतून पिवळीधम्मक. आईला ती वापरायचीत. सांगलीत किंवा मिरजेत अजून कोणी कल्हई करून देतं का?

कोकणकडा
मिरजेचं माहीत नाही, पण कोल्हापूरला माझ्या मामेभावाने गेल्या वर्षी करून घेतली. विचारून व्यक्तिगत निरोप करतो. पातेली न्याल तेव्हा मुलांना बरोबर न्या.